जुना मिनी ट्रॅक्टर, पुढे लोडर, मागे बॅकहो : पारखणी, खरेदी आणि जोडणी

जुना ट्रॅक्टर पाहायला गेलेला शेतकरी पहिल्यांदा सेल्फ मारायला सांगतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, धुराचा रंग पाहतो आणि मग भावावर येतो. नांगरटीच्या ट्रॅक्टरसाठी ही रीत ठीक आहे. पण ज्याच्या पुढे लोडर (माती, खत उचलणारे हात आणि बकेट) आणि मागे बॅकहो (खणणारा हात) आहे, किंवा पुढे-मागे बसवायचा आहे, असा छोटा ट्रॅक्टर घेताना हीच सवय महागात पडते, कारण असा ट्रॅक्टर इंजिनामुळे क्वचितच अडून बसतो. तो बसतो पुढच्या ॲक्सलवर (चाके जोडणाऱ्या आसावर), हायड्रॉलिकवर (तेलाच्या दाबाच्या यंत्रणेवर) आणि सगळे वजन पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर. मी मोहोळ तालुक्यात शेती करतो. माझा पहिला लोडरचा ट्रॅक्टर मी इंजिन ऐकूनच घेतला होता. इंजिन खरोखरच चांगले होते. तिसऱ्या आठवड्यात मुरूम भरताना लोडरचा डावा हात बुडाशी तडकला. ताज्या रंगाखाली जुन्या वेल्डिंगचा पट्टा होता आणि तो मला दिसला नव्हता. ट्रॅक्टर सोडवायला आलेले मिस्त्री म्हणाले, "मालक, इंजिन बोलतंय झ्याक, पण तुम्ही गुडघं कुठं बघितलं?" पुढचे विवेचन मुख्यतः या गुडघ्यांविषयी, म्हणजे ॲक्सल, हायड्रॉलिक आणि सांगाड्याविषयी आहे.

काम आधी, ट्रॅक्टर नंतर

सोलापूर जिल्ह्यात या यंत्राला कामाची कमतरता नाही. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातील डाळिंबाच्या बागांत शेणखत पोचवणे, बार्शी आणि उत्तर सोलापूरकडील द्राक्षबागांत चर काढणे, उसाच्या रानात मळी पसरणे, ठिबकच्या मुख्य पाईपलाईनसाठी अडीच-तीन फूट खोल चर खणणे, बांध दुरुस्त करणे, गोठ्यातले शेण उचलणे ही रोजची कामे आहेत. डाळिंबाची लागवड साधारणपणे १५ बाय १० फुटांवर असते आणि द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फूट जागा मिळते. शिवाय फांद्या आणि मांडवाच्या तारा आत येतात. अशा जागेत मोठे बॅकहो लोडर यंत्र वळत नाही. मिनी ट्रॅक्टरचा उपयोग आहे तो इथेच.

मात्र त्याच्याकडून काय होणार नाही, हेही आधीच मान्य करावे. आपण ज्याला सरसकट 'जेसीबी' म्हणतो त्या यंत्राचे वजन सात टनांच्या पुढे असते आणि ते चार मीटरपेक्षा खोल जाते. मिनी ट्रॅक्टरवर बसणारा बॅकहो बहुधा सहा-सात फुटांपर्यंत खणतो आणि त्याचा जोर त्याच्या वजनाएवढाच मर्यादित असतो. काळी माती आणि मऊ मुरूम तो आरामात काढतो, कठीण मुरमात दात घासतो, आणि आपल्याकडे दोन-तीन फुटांखालीच लागणाऱ्या काळ्या पाषाणापुढे त्याचे काही चालत नाही. विहीर किंवा शेततळे खणायचे असेल तर मोठे यंत्र तासावर आणणे स्वस्त पडते. वर्षभरात आपल्या कामाचे तास किती, त्यांतले लोडरचे किती आणि खणण्याचे किती, याचा हिशेब वहीत मांडावा. बहुतेकांच्या वहीत लोडरचे तास बॅकहोच्या तिप्पट-चौपट निघतील. तसे निघाले तर लोडरसह ट्रॅक्टर आधी घ्यावा आणि बॅकहो एखाद्या वर्षाने जोडावा, असे माझे मत आहे.

बकेटचा हिशेबही याच वेळी करावा. २०० लिटरच्या बकेटमध्ये ओली काळी माती सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो भरते. त्याच बकेटमध्ये कुजलेले शेणखत सव्वाशे-दीडशे किलोच्या आसपास राहते. म्हणजे शेणखतासाठी योग्य असलेली बकेट मातीसाठी मोठी ठरते. विक्रेता "मोठी बकेट आहे" असे कौतुकाने सांगतो तेव्हा ती कशासाठी मोठी आहे, हे विचारावे.

कोणता ट्रॅक्टर शोधावा

यात मी एका अटीवर तडजोड करत नाही : ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांनी ओढणारा असावा. टू व्हील ड्राइव्हच्या मिनी ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल हा फक्त वळण्यासाठी आणि इंजिनाचे नाक पेलण्यासाठी केलेला असतो. त्यावर लोडर बसवला की किंगपिन (चाक जिच्याभोवती वळते ती पिन), बुश (पिनेभोवतीची नळी) आणि हबचे (चाकाच्या मध्याचे) बेअरिंग काही महिन्यांत जाते, आणि बकेट भरली की मागची चाके हलकी होऊन जागीच फिरतात. बाजारात महिंद्रा जिवो, कुबोटा निओस्टार, व्हीएसटी शक्ती, जॉन डिअर ३०२८ ईएन अशा २२ ते २८ अश्वशक्तीच्या पट्ट्यात फोर व्हील ड्राइव्हची जुनी मॉडेले मिळतात. कंपनीपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत : सोलापूर, पंढरपूर किंवा अकलूजमध्ये त्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात का, आणि ते गिअरबॉक्ससकट खोलून बसवलेला मिस्त्री आपल्या पंचक्रोशीत आहे का.

पॉवर स्टेअरिंग हवेच. बकेट भरलेली असताना साध्या स्टेअरिंगने बागेत वळणे म्हणजे संध्याकाळपर्यंत खांदे उतरवणे आहे. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर उत्तम, कारण लोडरच्या कामात दर मिनिटाला ब्रेक लागतो आणि कोरडे ब्रेक धुळीत लवकर झिजतात.

वेळेविषयी एक अनुभव सांगतो. दसरा, दिवाळीचा पाडवा आणि गुढीपाडवा या मुहूर्तांवर नवे ट्रॅक्टर घेतले जातात आणि जुने बदल्यात शोरूमच्या आवारात येऊन उभे राहतात. मुहूर्तानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत निवड जास्त असते आणि विक्रेत्याला जागा मोकळी करायची घाई असते. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र सगळ्यांनाच ट्रॅक्टर हवा असतो, तेव्हा भाव ऐकायलाही जाऊ नये.

पारखणी : सकाळी, थंड इंजिनावर, आपल्या मिस्त्रीसह

विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून सांगावे की आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नका. पोचल्यावर इंजिनावर तळहात ठेवून पाहावा. गरम असेल तर आधीच सुरू करून ठेवला आहे, आणि तसे का केले याचे उत्तर बहुधा सेल्फमध्ये, बॅटरीत किंवा कॉम्प्रेशनमध्ये सापडते.

इंजिनाची तपासणी थोडक्यात उरकते. थंड इंजिन दोन-तीन प्रयत्नांत सुरू व्हावे. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटभरात निवळावा. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे, आणि भार नसतानाही काळा धूर येत असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टर पाहावा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून वर नुसते ठेवावे. झाकण थडथड उडत असेल आणि ब्रीदरमधून (इंजिनाची हवा सोडणाऱ्या नळीतून) धुराचे लोट येत असतील तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसले तर तिथूनच नमस्कार करून परतावे.

आपल्याकडील जुन्या मिनी ट्रॅक्टरांची एक खास गोष्ट इथेच सांगायला हवी. त्यांतले बरेच द्राक्ष-डाळिंबाच्या बागांतून येतात आणि त्यांचे आयुष्य फवारणीच्या ब्लोअरमागे गेलेले असते. ब्लोअर म्हणजे तासन्‌तास चढ्या आरपीएमवर (फेऱ्यांच्या वेगावर) पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट. त्यामुळे पीटीओचा क्लच आणि शाफ्टचे खाचे झिजलेले असतात, आणि बोर्डो मिश्रणासारख्या ताम्रयुक्त फवाऱ्याने वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला असतो. रेडिएटरच्या जाळीत बोटाने हलकेच दाबावे. पत्रे कुरकुरीत होऊन गळत असतील तर नव्या रेडिएटरचा खर्च किमतीतून वजा करावा. तासमीटरवर विश्वास ठेवू नये. तो बदलता येतो. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर, सीटची कड, स्टेअरिंगवरची चकाकी आणि ड्रॉबारच्या (ट्रॉली ओढायच्या पट्टीच्या) भोकाचा आकार खरे सांगतात. मीटर बाराशे तास दाखवतो आणि ब्रेकच्या पेडलचे लोखंड आरशासारखे गुळगुळीत झाले आहे, असा ट्रॅक्टर मी स्वतः पाहिला आहे.

आता गुडघे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून लोडरच्याच बकेटने किंवा जॅकने पुढची चाके जमिनीपासून उचलावीत, ॲक्सलखाली लाकडी ठोकळे ठेवावेत आणि मगच हात लावावा. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावे : खटखट झाली तर हबचे बेअरिंग किंवा किंगपिन. डावी-उजवी बाजू धरून हलवावे : खटखट झाली तर टाय रॉडचे (चाके वळवणाऱ्या दांड्याचे) जोड. ॲक्सलच्या मधल्या पिनमध्ये पहार घालून ॲक्सल पुढे-मागे लोटून पाहावा. लोडरच्या ट्रॅक्टरमध्ये हा मधला बुश सगळ्यांत आधी जातो आणि सगळ्यांत शेवटी पाहिला जातो. ॲक्सलच्या दोन्ही टोकांच्या सीलपाशी तेलाने कालवलेली धूळ साचली असेल तर सील गेले आहे. नुसते सील असेल तर चालेल. पण तेल संपूनही कोणी ट्रॅक्टर चालवला असेल तर आतले गिअर खराब झालेले असतात, म्हणून ॲक्सलचा प्लग काढून तेलाची पातळी पाहावी आणि प्लगच्या चुंबकाला किंवा तेलाला लोखंडी कीस लागला आहे का, हे बोटांत चोळून पाहावे.

फोर व्हीलमध्ये टायरचे माप हा वेगळाच विषय आहे. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतील अशी गिअरची रचना असते. फरक एक ते पाच टक्क्यांचा असतो. कोणी पुढे वेगळ्या मापाचे स्वस्त टायर घातले असतील तर हा मेळ बिघडतो आणि पुढचा ड्राइव्ह आतून पिळला जातो. भुसभुशीत रानात मागच्या चाकाच्या दहा फेऱ्या होईपर्यंत पुढच्या चाकाच्या फेऱ्या मोजाव्यात, एकदा फोर व्हील लावून आणि एकदा काढून. लावल्यावर फेऱ्या किंचित वाढल्या पाहिजेत. कमी झाल्या किंवा फारच वाढल्या तर टायर चुकीचे आहेत. खडूची एक खूण आणि दोन माणसे एवढेच याला लागते.

लोडरच्या हातांची पाहणी करताना कापड, रॉकेल आणि तारेचा ब्रश बरोबर असावा. हात जिथे ट्रॅक्टरच्या मांडणीला जोडलेले असतात ती जागा, सिलिंडरचे कान, बकेटची मागची पट्टी आणि दोन हातांना जोडणारी आडवी नळी या चार जागा रॉकेलने स्वच्छ पुसाव्यात. काही मिनिटांनी पाहिले तर तडा असेल तिथे रॉकेल झिरपून काळी केसासारखी रेघ उमटते. एकाच जागी ताजा रंग आणि बाकी लोखंड उन्हाने फिके पडलेले असेल तर तिथे नख फिरवावे; रंगाखालची वेल्डिंगची वळी नखाला लागते. वेल्डिंग केलेले असणे हा दोष नाही. नीट पट्टी मारून, कोपरे गोल ठेवून केलेली दुरुस्ती मूळ जोडापेक्षा मजबूत असू शकते. लपवलेली दुरुस्ती मात्र तशी नसते.

सिलिंडरचे चकचकीत रॉड पूर्ण बाहेर काढून बोटाने चाचपावेत. क्रोमवर खडबडीत खाचा असतील तर नवे सील टाकूनही महिनाभरात तेल गळेल. यानंतर उतरण्याची चाचणी घ्यावी : बकेटमध्ये दगड किंवा माती भरून ती छातीइतकी उंच उचलावी, इंजिन बंद करावे आणि बकेटची खालची कड खांबावर किंवा भिंतीवर खडूने नोंदवावी. दहा मिनिटांनी ती बोटभर खाली आली तर जुन्या यंत्राला चालते; वीतभर आली तर सिलिंडरचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गेले आहे. या दहा मिनिटांत बकेटखाली कोणी जाऊ नये, पोरेबाळे तर नाहीच.

बॅकहो असेल तर बूम, म्हणजे त्याचा मुख्य हात, बुडाशी ज्या उभ्या खांबावर फिरते तिथले पिन-बुश हे मुख्य ठिकाण. बूम पूर्ण लांब करून बकेट जमिनीपासून फूटभर वर ठेवावी आणि बकेटचे टोक वर-खाली व डावीकडे-उजवीकडे हलवावे. खांबाच्या वरच्या आणि खालच्या पिनांत ३० सेंटिमीटर अंतर असेल आणि बकेट अडीच मीटरवर असेल तर बुडाशी एका मिलिमीटरची ढिलाई टोकाला आठ मिलिमीटर दिसते. म्हणून टोक दोन-तीन बोटे हलले तर घाबरू नये. नवे बुश लेथवर करून घेता येतात. पण पिन बसणारे भोकच अंडाकृती झाले असेल तर ते भरून पुन्हा बोअर करावे लागते आणि हे काम गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात होत नाही. शेवटी बॅकहोचे दोन्ही बाजूंचे जॅक (टेकू देणारे पाय) टेकवून मागची चाके उचलावीत आणि पाच मिनिटे थांबावे. एका बाजूचा जॅक हळूहळू बसत असेल तर चर खणताना ट्रॅक्टर त्या बाजूला कलत जाणार.

ही सगळी पारखणी अर्ध्या तासात होत नाही. तीन तास धरावेत. ज्याला तीन तास देणे जड जाते त्या विक्रेत्याचा ट्रॅक्टर घेऊ नये, एवढे मी ठामपणे सांगतो.

कागदपत्रे

आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर ट्रॅक्टरवर ठोकलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर त्यांचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नयेत. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. आपल्या जिल्ह्यात सोलापूरची नोंदणी एमएच-१३ आणि अकलूजची एमएच-४५ या क्रमांकाने होते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या सीमेलगतच्या तालुक्यांत विजयपूर आणि कलबुर्गीकडचे ट्रॅक्टर स्वस्तात येतात. ते घ्यायला हरकत नाही, पण परराज्यातील गाडीसाठी मूळ कार्यालयाचा फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला आधी मागावा. नोंदणीला १५ वर्षे झाली असतील तर नूतनीकरण झाले आहे का, तेही पाहावे.

ट्रॅक्टर सरकारी अनुदानावर घेतलेला असेल तर ठरावीक मुदतीपर्यंत तो विकण्यावर बंधन असू शकते. विक्रेत्याकडून मंजुरीचे पत्र मागून अट वाचावी. लोडर आणि बॅकहो कायमचे बसवल्याने आरसीवरील तपशिलात फरक पडणार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. बसवण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करावी. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर दुसऱ्याच्या कामावर भाड्याने जाणार असेल तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

जोडणी : आधी सांगाडा

आपल्याकडे मिनी ट्रॅक्टरचे लोडर आणि बॅकहो बहुतेक वेळा फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये तयार होतात किंवा बाहेरून तयार येऊन बसवले जातात. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की ट्रॅक्टरला ट्रकसारखी चेसिस नसते. इंजिन, क्लचचे घर, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल हे बिडाचे ओतीव भाग एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा असतो. लोडर पुढून आणि बॅकहो मागून रेटतो तेव्हा हा कणा मध्ये वाकवला जातो. बीड वाकत नाही, थेट फुटते. म्हणून पुढच्या लोडरच्या मांडणीपासून मागच्या ॲक्सलच्या घरापर्यंत दोन्ही बाजूंनी सलग जाणारी जाड पट्टीची चौकट, म्हणजे सबफ्रेम, असलीच पाहिजे. बॅकहो नुसता थ्री पॉइंटच्या (अवजार उचलणाऱ्या मागच्या जोडणीच्या) तीन पिनांवर लटकवून देतो असे कोणी म्हणाले तर त्या वर्कशॉपमध्ये पुन्हा जाऊ नये. खणताना तसा बॅकहो वर उसळून सीटकडे दुमडू शकतो, आणि मधे चालक बसलेला असतो.

सबफ्रेमचे बोल्ट ट्रॅक्टर कंपनीने दिलेल्या भोकांतच बसले पाहिजेत. गिअरबॉक्सच्या घराला नवे भोक पाडू देऊ नये आणि त्यावर वेल्डिंग तर अजिबात करू देऊ नये. दर्जाचा आकडा डोक्यावर कोरलेले ८.८ किंवा १०.९ चे बोल्ट वापरावेत. साध्या हार्डवेअरचे बोल्ट इथे चालत नाहीत.

हायड्रॉलिकचा हिशेब

ट्रॅक्टरचा स्वतःचा पंप लोडरला पुरतो, बॅकहोला नीट पुरत नाही. का, ते आकड्यांत पाहू. ५० मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि ५०० मिलिमीटर स्ट्रोकचा (रॉड सरकण्याच्या लांबीचा) एक सिलिंडर भरायला जवळपास एक लिटर तेल लागते. लोडरला उचलण्याचे दोन सिलिंडर, म्हणजे दोन लिटर. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर हात पूर्ण वर जायला सहा सेकंद लागतात, चालण्यासारखे आहे. विकत घेताना घड्याळ लावून हे पाहता येते : इंजिनाच्या कामाच्या वेगावर यापेक्षा दुप्पट वेळ लागला तर पंप झिजला आहे किंवा तेल कुठेतरी परत वळते आहे. बॅकहोमध्ये मात्र बूम, डिपर (बूमपुढचा हात), बकेट आणि फिरवणे अशा दोन-तीन हालचाली एकाच वेळी लागतात. त्यासाठी पीटीओवर चालणारा वेगळा पंप आणि वेगळी टाकी बसवणे उत्तम. मिनिटाला ४० लिटर आणि १५० बार दाब धरला तर तेलात जाणारी शक्ती दहा किलोवॉट होते. पंपाची घट धरून पीटीओवर सोळा अश्वशक्तीच्या आसपास लागते. २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर वीसच्या आसपास मिळते. म्हणजे हे जमते, पण याहून मोठा पंप लावला तर इंजिन दबेल. ५४० आरपीएमच्या पीटीओवर गिअर पंप थेट लावता येत नाही. मध्ये वेग वाढवणारी गिअर पेटी लागते, तिच्या तेलाचीही पातळी पाहायची असते.

टाकी किमान ५०-६० लिटरची असावी. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो; अशा उन्हात लहान टाकीतले तेल तासाभरात इतके तापते की ते पातळ होऊन जोर कमी होतो आणि सील कडक पडतात. ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल, परतीच्या वाटेवर फिल्टर, आणि शक्य असेल तर पंख्याचा ऑइल कूलर घ्यावा. लोडर ट्रॅक्टरच्याच तेलावर चालणार असेल तर एक सावधगिरी हवी : ते तेल गिअरबॉक्सचे आणि बहुतेक वेळा ब्रेकचेही असते, त्यामुळे त्यात ६८ नंबर ओतू नये, कंपनीने सांगितलेलेच घालावे. जुन्या लोडरच्या होजमधली (तेलाच्या रबरी नळ्यांमधली) घाण गिअरबॉक्समध्ये जाऊ नये म्हणून होज आधी सुटे करून धुऊन घ्यावेत. लोडरचा कंट्रोल व्हॉल्व्ह अशा प्रकारचा घ्यावा की त्यातून पुढे तेल दाबासह मागच्या लिफ्टकडे जाईल. नाहीतर लोडर लावल्याबरोबर थ्री पॉइंट उचलायचे बंद होते आणि मालक गोंधळतो.

रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) स्क्रू पिळून दाब वाढवून देणारे पुष्कळ भेटतात. ५० मिलिमीटरच्या एका सिलिंडरवर १५० बारला जवळपास तीन टनांचा जोर मिळतो. ट्रॅक्टर कमी पडतो आहे तो दाबामुळे क्वचित, वजनामुळे जास्त. दाब वाढवला की बकेट उचलेल, पण सोबत मागची चाकेही.

वजनाचे गणित

समजा पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये १.६ मीटर अंतर आहे आणि भरलेल्या बकेटचे ३०० किलो पुढच्या ॲक्सलच्या एक मीटर पुढे आहेत. तेव्हा पुढच्या ॲक्सलवर ३०० नव्हे, ४८७ किलो वाढतात आणि मागच्या ॲक्सलवरून १८७ किलो निघून जातात. आता थ्री पॉइंटवर, मागच्या ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे, २५० किलोचे वजन टांगले तर पुढचा भार १२५ किलोंनी हलका होतो आणि मागे ३७५ किलो वाढतात. त्यामुळे बॅकहो लावलेला नसेल तेव्हा मागे वजन टांगूनच लोडर चालवावा. ते विकत आणायची गरज नाही : २०० लिटरचा पत्र्याचा ड्रम निम्म्यापर्यंत काँक्रीटने भरला की २४० किलो होतात. काँक्रीट ओतताना थ्री पॉइंटच्या पिना आणि सळ्या आत नीट बांधून घ्याव्यात. बॅकहो लावलेला असेल तर तोच प्रतिभार होतो. मात्र रस्त्यावर जाताना बूम मध्यभागी कुलूपबंद करावी आणि लोडरची बकेट गुडघ्याच्या वर ठेवू नये. मिनी ट्रॅक्टर उलटण्याच्या घटनांत बकेट उंच आणि जमीन तिरकी, हे दोन्ही बहुधा एकत्र असतात. रोल बार (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी कमान) असेल तर पट्टा बांधावा. रोल बार कापून काढलेला ट्रॅक्टर घेतला असेल तर आधी तो बसवावा.

पुढच्या टायरचे प्लाय रेटिंग (भार पेलण्याची क्षमता) पाहून हवा कंपनीने सांगितलेल्या कमाल मर्यादेजवळ ठेवावी. एवढ्याने स्टेअरिंग हलके होते आणि रिमवरची कड वाचते.

पहिले पन्नास तास

पहिल्या दिवशी मुरमावर जाऊ नये. मोकळ्या मातीच्या ढिगावर हात बसवावा. सर्व पिनांना रोज सकाळी ग्रीस द्यावे, आणि जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत द्यावे. होज गळतो आहे का हे बोटाने कधीही चाचपू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेले तेल कातडीतून आत शिरते आणि जखम लहान दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावा. चर खणताना काढलेली माती काठापासून किमान दोन फूट लांब टाकावी आणि पाच फुटांपेक्षा खोल चरात पाईप जोडायला माणूस उतरवायचा असेल तर बाजूंना उतार द्यावा किंवा फळ्यांचा आधार द्यावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भिंतीसारखी उभी राहते आणि एका पावसाने सपकन बसते. ओल्या काळ्या रानात बॅकहोच्या जॅकखाली दोन फूट चौरसाच्या जाड फळ्या घालाव्यात. मंगळवेढ्याकडे एका पाईपलाईनवर काम करताना आमचा उजवा जॅक बघता बघता हातभर रुतला होता. तेव्हापासून फळ्या सीटच्या मागे साखळीने बांधलेल्या असतात. बूम उचलण्याआधी वर महावितरणच्या तारा आणि खाली शेजाऱ्याची पाईपलाईन कुठून गेली आहे, हे शेजाऱ्यालाच विचारून घ्यावे.

दहा तास झाले की सबफ्रेमचा प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावा आणि बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पुढे रोज ग्रीस देताना त्या रेघांवरून नजर फिरवली की पुरते. जिची रेघ मोडली तो बोल्ट ढिला झाला आहे. पन्नास तासांनी परतीचा फिल्टर बदलावा आणि जुना फिल्टर फेकण्याआधी कापून उघडावा. घड्या पांढऱ्या कापडावर पिळल्या आणि पिवळसर चमकणारा कीस निघाला तर पंपातले बुश झिजू लागले आहेत. काळे रबराचे तुकडे निघाले तर एखादा होज आतून सोलतो आहे. तो होज शोधून आधी बदलावा.